आजोबांच्या पत्रात प्रेम नाही, नुसता हिशोब आहे

पत्र:

ताई नमस्कार. गावचं घर विकायला काढलंय म्हणून आवराआवर करताना आजीच्या ट्रंकेत अगदी तळाशी नऊ पत्रं सापडली. आजोबांनी तिला लिहिलेली, जानेवारी ते एप्रिल १९४२. आजोबा ब्रह्मदेशात रंगूनला एका बँकेत हेड कॅशियर होते. जपानी बॉम्ब पडायला लागल्यावर त्यांनी आजीला, माझ्या बाबांना (तेव्हा चार वर्षांचे) आणि आठ महिन्यांच्या आत्याला, जिला सगळे बेबीच म्हणायचे, जानेवारीत बोटीने इकडे पाठवलं, देवगडजवळच्या आमच्या गावी, आणि स्वतः मागे राहिले. मे महिन्यात ते आले, निम्मी वाट चालत, हाडांचा सापळा होऊन, आणि त्यावर पुढे जन्मात एक शब्द बोलले नाहीत. बेबी गावी आल्यावर महिन्याभरातच, महाशिवरात्रीच्या सुमारास गेली. बाबा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, आयुष्यभर एकच वाक्य म्हणत आलेत, "आमच्यापेक्षा त्यांना बँकेची तिजोरी प्यारी होती." मी फार आशेने पत्रं उघडली आणि ताई, नऊ पत्रांत मिळून एक प्रेमाचा शब्द नाही. विम्याचा हप्ता, दूधवाला, मनीऑर्डर पोचली का, बस. पहिल्या पत्रात तेवढं "चि. बंडूस बोटीत पाण्याचे भय वाटले का ते त्यालाच विचारून लिहावे" असं एक वाक्य आहे, बंडू म्हणजे बाबा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पार एप्रिलपर्यंत प्रत्येक पत्रात ते बेबीची चौकशी करतात. म्हणजे आजीने त्यांना सांगितलंच नाही? इतकं कसं लपवलं तिने? चुलतभाऊ म्हणतो जुन्या पाकिटांना स्टॅम्पवाले चांगले पैसे देतात, पाकिटं विकू, पत्रं नदीत सोडू, बाबांना दाखवून या वयात त्रास कशाला. चार पाकिटं तो घेऊन गेलासुद्धा, १४ मार्चच्या पत्राचंही त्यातच गेलं. आजीचं एकही पत्र उरलेलं नाही, तिची बाजू कळतच नाही. तीन पत्रांचे फोटो पाठवतेय, बाकीच्यांतलं सोबत उतरवून दिलंय. मी काय करू?

एक नात, कोल्हापूर

उत्तर:

आधी चुलतभावाला फोन करा. हे उत्तर पुढे वाचायच्याही आधी करा, आणि ती चार पाकिटं परत मागा, त्याला म्हणावं विकायची तर नंतर विकू पण आत्ता मला ती हवीयत. का ते खाली सांगते, पण तुमच्या आजीवर तुम्ही जो आरोप ठेवलाय ना, त्याचा निकाल त्या पाकिटांवर आहे, पत्रांत नाही.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून करून बघितले, दोन रात्री बघत होते खरं तर. १२ फेब्रुवारीच्या पत्राचं पाकीट तुम्ही दोन्ही बाजूंनी काढलंय ते फार बरं केलंत. पुढे बर्माचा स्टॅम्प, रंगूनचा शिक्का. एका कडेला सेन्सरने उघडून परत चिकटवलेली कागदी पट्टी. आणि मागे, अगदी कोपऱ्यात, पुसट, देवगडचा शिक्का आहे, ४ मार्च. म्हणजे रंगूनहून निघालेलं पत्र तुमच्या गावी यायला वीस दिवस लागले, आणि हे रंगूनचं पोस्ट अजून चालू होतं तेव्हाचं. आता उलटा हिशोब करा. बेबी गेली महाशिवरात्रीच्या सुमारास, त्या वर्षी ती फेब्रुवारीच्या मध्यावर आली होती, त्याच दोन दिवसांत तिकडे सिंगापूर पडलं, १५ फेब्रुवारीला. घरात मूल गेलेलं, बाई दुःखात, तरी धरून चालू की आजीने स्वतःला सावरून १६ तारखेला पत्र टाकलं. वीस दिवस मोजले की तारीख येते ८ मार्च. ८ मार्च १९४२ ला जपानी फौज रंगूनमध्ये शिरली.

आणि तुमचे आजोबा तर त्याच्या दोन आठवडे आधीच तिथून निघालेले. २० फेब्रुवारीला रंगून रिकामं करायचा हुकूम निघाला, ज्यांचं काम अगदीच अडणार नव्हतं त्या सगळ्यांनी उत्तरेकडे निघायचं होतं. २२ तारखेच्या पत्रात ते लिहितात की "उद्या परवा मंडालेस निघणे होईल, तेथील पत्ता पोचल्यावर कळवीन". मग आजीने पत्र पाठवायचं कुठे? बंद पडलेल्या बँकेच्या पत्त्यावर? मंडालेचा पत्ता असलेलं १४ मार्चचं पत्र तिच्या हातात कधी पडलं हे कळलं तर पुढचं सांगता येईल, आणि ते कळणार पाकिटाच्या मागच्या शिक्क्यावरून, आणि तुम्ही म्हणताय की ते पाकीट भावाने नेलेल्या चारांपैकी आहे. बघा, म्हणून म्हटलं आधी फोन. ते जर मार्चअखेर पोचलं असेल तर आजीच्या उत्तराला वेळच उरला नव्हता, कारण ३ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, मंडालेवर बॉम्ब पडले आणि शहराचा मोठा भाग जळून गेला, आणि आजोबांचं पुढचं पत्र, ते विनातारखेचं, कुणाच्या तरी हाती धाडलेलं, तिथून बाहेर पडल्यावरचंच दिसतंय.

अजून एक गोष्ट आहे, ती तुमच्या पिढीला कदाचित माहीत नसेल. मृत्यूची बातमी असलेलं कार्ड घरात ठेवायचं नाही अशी आपल्याकडे रीत होती, वाचायचं आणि फाडून टाकायचं. माझ्या माहेरी तर असं कार्ड उंबऱ्याच्या आतसुद्धा यायचं नाही, पोस्टमन कोपरा फाटलेलं कार्ड हातात द्यायचा आणि आई अंगणातच वाचायची. त्यामुळे आजीने किंवा तुमच्या पणजोबांनी कळवलं असेल, आजोबांना ते कधीतरी उशिरा मिळालंही असेल, आणि त्यांनी ते तिथल्या तिथे फाडलं असेल, असंही होऊ शकतं. किंवा लांब एकटा असलेल्या माणसाला अशी बातमी पत्राने द्यायची नाही, येऊ दे सुखरूप मग सांगू, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं असेल. त्या काळी एकत्र घरात तिशीच्या आतल्या सुनेला काय लिहायचं आणि काय नाही हे सगळं तिच्या हातात होतं असं समजू नका. यातलं नक्की काय झालं हे पत्रांवरून सांगता येत नाही, पण "तिने लपवलं" हे तर अजिबातच सांगता येत नाही, आणि ते वाक्य तुम्ही मनातून काढून टाकावं असं मला अगदी कळकळीने वाटतं.

आता तुमची दुसरी तक्रार. प्रेमाचा एक शब्द नाही.

ताई, हे पत्र वाचणार कोण होतं याचा विचार करा. पोस्टमन येणार, ओटीवर पणजोबांच्या हातात देणार, ते चष्मा लावून मोठ्याने वाचणार, आजूबाजूला जावा-दीर, शेजारची दोन माणसं, कारण रंगूनचं पत्र म्हणजे त्या दिवसांत अख्ख्या वाडीला ऐकायचं असणार. वर सेन्सरचा कुणीतरी क्लार्क आधीच वाचून गेलेला. यात कुठला नवरा काय लिहिणार? बायकोचं नावसुद्धा लिहायची चोरी, म्हणून तर "सौ. हीस अनेक आशीर्वाद, वि. वि." एवढंच आहे. पण एक गोष्ट मला दिसली ती सांगते. पत्रं बालबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत आहेत, आणि हिशोबाची पानं मोडीत, जुन्या भराभर लिहायच्या लिपीत. हेड कॅशियर माणूस, मोडी त्यांच्या हाताला सवयीची, मोडीत सगळं भराभर झालं असतं आणि पणजोबांनाही तेच सोपं गेलं असतं. तरी पत्राचा मजकूर त्यांनी अक्षर अन् अक्षर सुटं काढून, सावकाश, बालबोधीत लिहिलाय. मला वाटतं ते यासाठी की ओटीवरचं वाचन संपल्यावर पत्र आत स्वयंपाकघरात जाईल आणि तिथे ती स्वतः, एकटी, चुलीजवळ बसून परत वाचेल. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला बालबोध वाचता यायचं, मोडी बहुतेक नाही. १२ फेब्रुवारीच्या पत्रात "ती. अण्णांना निराळे लिहिले आहे" असंही आहे बघा. म्हणजे वडिलांना वेगळं पत्र होतं, हे तिचं होतं.

आणि हिशोबाला तुम्ही "नुसता" म्हणताय त्याने मला जरा वाईट वाटलं. मी स्वतः बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅशमध्ये, म्हणून असेल. त्यांनी काय लिहिलंय ते एकदा नीट बघा. "डब्यातील रुपयांपैकी एडवर्ड राजाचे छापाचे निराळे काढावे व मेअखेरच्या आत ट्रेझरीत बदलून आणवावे, नंतर चालणार नाहीत." तुम्ही याच्या शेजारी प्रश्नचिन्ह केलंय. अहो, सरकारने लढाईच्या त्या वर्षांत चांदीचे जुने रुपये एकेक करून चलनातून काढायला सुरुवात केली होती, राणीछाप रुपया १९४१ च्या मार्चअखेरीला बंद झाला आणि एडवर्डचा १९४२ च्या मेअखेरीनंतर चालणार नव्हता. देवगडकडच्या एका घरात, डब्यात, तांदळाखाली पुरून ठेवलेले बाईचे चार रुपये, त्यांची तारीख हा माणूस रंगूनमध्ये डोक्यावर विमानं फिरत असताना लक्षात ठेवून लिहितोय. आपण परत नाही पोचलो तर हिला काय काय लागेल, कुणाकडे किती येणं आहे, पोस्टाचं पासबुक कुठे आहे, विम्याचा हप्ता कोणत्या महिन्यात, पावती कोणत्या फायलीत, हे सगळं तो एकेका पत्रात तिच्या हवाली करत चाललाय. "मी कदाचित येणार नाही" हे वाक्य लिहिता येत नव्हतं, सेन्सर होता, अण्णा होते, आणि तिला ते सोसलं नसतं, मग त्याने ते असं लिहिलं. तुम्ही नऊही पत्रं त्या दृष्टीने परत वाचा, एका बैठकीत, तारखेच्या क्रमाने.

आता १२ फेब्रुवारीच्या पत्राचं मागचं पान. तुम्ही म्हणालात आजीचं एकही पत्र उरलेलं नाही, तिची बाजू कळतच नाही. ती त्या पानावर आहे! शाईने आजोबांचे आकडे, आणि प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला पेन्सिलीने छोटी टिक. फोटो मोठा करून बघा. मोडी मी नोकरीत असताना थोडी शिकले होते, अडखळत का होईना वाचता येते. हप्ता, टिक. वाण्याचे मागील बाकी, टिक. बंडूस सदरा, टिक. मोडी तिला येत नसली तर कुणाकडून तरी वाचून घेऊन तिने एकेक काम उरकलं आणि एकेक ओळ मारली असणार, म्हणजे ही तिचीच उत्तरं आहेत. आणि खालून दुसरी ओळ, "बेबीचे दूध रु. ३". तिथे टिक नाही. पण नीट बघा, तिथे पेन्सिल टेकवलेली आहे, एक ठिपका आहे, जरा दाबून काढलेला, आणि पुढे काही नाही. हे पत्र ४ मार्चला आलं म्हणजे बेबीला जाऊन तेव्हा अडीच-तीन आठवडे झाले होते. मी त्या ठिपक्यापाशी खूप वेळ थांबले. त्यावर मी अजून काही लिहीत नाही, तुम्ही ओरिजिनल कागद उजेडात धरून बघा.

तिजोरीचं बोलूया, कारण बाबांचं अख्खं आयुष्य त्या एका वाक्यावर गेलंय. २२ फेब्रुवारीच्या पत्रात आजोबांनी एक ओळ लिहिलीय, "दुसरी चावी माझेकडे असल्याने ताबा दिल्याशिवाय हलता येत नाही." बाहेरच्या माणसाला ही ओळ कोरडी वाटेल, मला वाचताना काटा आला. बँकेची तिजोरी एका चावीने उघडत नाही. दोन चाव्या लागतात, दोन वेगवेगळ्या माणसांकडे, एक कॅशियरकडे आणि एक वरच्या अधिकाऱ्याकडे, त्या काळी ज्याला एजंट म्हणायचे त्याच्याकडे, आणि आजही जॉइंट कस्टडी म्हणतात ती हीच. एक चावीवाला न सांगता निघून गेला तर आत असलेले सगळ्यांचे पैसे, लोकांनी ठेवलेले दागिन्यांचे डबे, कागद, काही काही बाहेर निघत नाही. आणि ते दिवस कसे होते बघा. २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर पहिले बॉम्ब पडले, परत नाताळच्या दिवशी पडले, माणसं रस्त्यात मेली, गोदीतले मजूर शहर सोडून पळाले. रंगूनची निम्म्याहून जास्त वस्ती आपल्याच लोकांची होती, तेलुगू, तमिळ, बंगाली, उडिया, गुजराती, आणि आपले मराठीही होते थोडे, हमालापासून डॉक्टरपर्यंत सगळे. त्या सगळ्यांना एकाच वेळी खात्यातले पैसे हवे होते, ड्राफ्ट हवे होते, बोटीचं तिकीट काढायचं तर रोख लागणार. अशा वेळी कॅशच्या खिडकीमागे बसलेला माणूस उठून गेला तर रांगेतला माणूस बोटीवर चढणार कसा?

पण ताई, मी आजोबांची वकिली करत नाहीये, हे नीट ऐका. माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेलं सांगते. २६ जुलै २००५, मुंबई. दुपारीच शाखेत पाणी शिरायला लागलं, आम्ही रजिस्टरं टेबलांवर, टेबलं काउंटरवर असं रचत होतो, आणि माझ्या पर्समध्ये चावी होती. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची, शाळेत अडकलेली, फोन बंद. मला निघता आलं असतं का? सगळं कुलूपबंद होईपर्यंत नाही, आणि झालं तोवर पाणी छातीपर्यंत आलेलं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. शाळेतल्या बाईंनी मुलांना वरच्या मजल्यावर नीट सांभाळलं होतं, बिस्किटं दिली होती, काही झालं नव्हतं. पण माझी मुलगी आज मोठी बाई आहे आणि अजूनही म्हणते, "तू आली नव्हतीस." तिचं खरं आहे. चावीचंही खरं आहे. मी तिला चावीचं कितीदा समजावलं, तिला ते समजतं, पण त्या रात्री ती सात वर्षांची होती आणि आई आली नव्हती, हे त्याने बदलत नाही.

म्हणून बाबांना पत्रं दाखवायची का, तर हो, दाखवायची. त्यांच्याच वडिलांची पत्रं आहेत, त्यांच्या नावाचा उल्लेख असलेली, त्यांच्यापासून लपवायचा हक्क तुम्हाला नाही आणि चुलतभावाला तर मुळीच नाही. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी माणूस नाजूक असतो हे खरं पण मूर्ख नसतो. फक्त "बघा बाबा, तुम्ही उगाच त्यांना नावं ठेवत होतात" असं म्हणून पुढ्यात ठेवू नका. चार वर्षांचं पोर, मांडीवर तान्हं बाळ घेतलेली आई, डेकवरची गर्दी, आणि बाप धक्क्यावर मागे राहिलेला. ते त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. पुढे महिन्याभरात बहीण गेली आणि तेव्हाही बाप नव्हता. त्यांचा राग खोटा नाही आणि तो खोडायला या पत्रांचा पुरावा म्हणून वापर करू नका. आधी विचारा, बाबा अशी अशी पत्रं मिळालीयत, ऐकायचीयत का. नको म्हणाले तर त्यांच्या कपाटात ठेवा आणि गप्प राहा, आठवड्याने ते स्वतःच विचारतील असं मला वाटतं. आणि बेबीचं, म्हणजे आजोबांना बहुधा माहीतच नव्हतं हे, ते एकदम सांगू नका. क्रमाने वाचत गेलात तर ते त्यांचं त्यांनाच कळेल आणि तसंच कळलेलं बरं.

शेवटचं कार्ड मात्र तुम्ही स्वतः वाचून दाखवा, त्यांना एकट्याने वाचायला देऊ नका. ईशान्य भारतातल्या डिमापूरचं, २७ एप्रिलचं, चार ओळी. "सुखरूप पोचलो. गाडी मिळेल तसा निघतो. बंडूस सांगावे. बेबीस येथून आणण्यासारखे काही मिळाले नाही." मंडालेहून डिमापूरला पोचायचं म्हणजे काय होतं ते मी थोडक्यात सांगते, कारण आजोबांनी ते कधीच सांगितलं नाही. मोनिवापासून चिंदविन नदीने कलेवा, तिथून कबाव खोऱ्यातून तामू, मग डोंगर चढून पालेल, इंफाळ, आणि तिथून पुढे डिमापूरचं रेल्वे स्टेशन. मलेरिया आणि कॉलरा, आणि पाणी नाही. त्या वर्षी चार लाखांच्या वर माणसं अशी वेगवेगळ्या वाटांनी चालत भारतात आली आणि हजारो वाटेतच गेली, कोण कुठे पडलं याची धड नोंदसुद्धा नाही. गोऱ्यांना एक वागणूक आणि आपल्या लोकांना दुसरी, यावरून तेव्हा देशभर संताप झाला होता. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात परदेशातल्या भारतीयांचं खातं त्या वेळी आपल्या लोकनायक बापूजी अण्यांकडे होतं, यवतमाळचे अणे. त्या खात्याच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, "अभिलेख पटल" नावाच्या त्यांच्या वेबसाइटवर बसल्याजागी शोधता येतं, जमलं तर बघा, आजोबांचं नाव मिळेलच असं नाही पण ते ज्या वाटेने आले तिची माहिती मिळेल. हाडांचा सापळा होऊन आले म्हणता ना, ते यातून आले, आणि बहुधा उंबऱ्यात पाय ठेवल्यावरच त्यांना बेबीचं कळलं. त्यानंतर माणूस बोलला नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही.

आपल्याकडे मंडाले म्हटलं की टिळकांचा तुरुंग तेवढा आठवतो. तिथून चालत आलेली आपलीही माणसं होती आणि त्यांच्या घरातल्या ट्रंका आता एकेक करून भंगारात चालल्यात, म्हणून पत्रांची काळजी कशी घ्यायची तेही सांगते. लॅमिनेशन करू नका, कुणीही कितीही सांगितलं तरी. सेलोटेप नाही, स्टेपल नाही, टाचणी असेल तर गंज बघून हळूच काढा. प्रत्येक पत्र त्याच्याच पाकिटाबरोबर ठेवा, पाकिटाच्या कोपऱ्यात साध्या पेन्सिलीने नंबर टाका. घडी जिथे फाटायला आलीय तिथे परत परत उघडझाप नको, एकदाच नीट फोटो काढा, दोन्ही बाजू, कोरी बाजूसुद्धा, शिक्के आणि आजीच्या टिकांसकट, आणि ते घरातल्या चार जणांकडे ठेवा, एकाच मोबाइलवर नको. मोडीची पानं वाचायला माझ्यापेक्षा जाणता माणूस शोधा, महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग चालतात, तिथून वाचणारं कुणी ना कुणी मिळतं, आणि पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात विचारलंत तरी रस्ता सापडेल. त्या मोडी पानांत अजून काय आहे कुणास ठाऊक, मी तर फक्त एक पान बघितलंय. आणि आजोबांची बँक आज ज्या नावाने चालू असेल तिच्या हेड ऑफिसला एक साधं पत्र टाका, जुन्या स्टाफच्या नोंदी आहेत का म्हणून. उत्तर येईल न येईल, एका पत्राने काही बिघडत नाही.

चुलतभावाला वाईट बोलू नका. त्याला पैशाची गरज असेल, किंवा त्याला खरंच वाटत असेल की काकांना त्रास नको. त्याला हे ४ मार्चचं गणित समजावून सांगा, पाकिटाचा मागचा शिक्का दाखवा, तो आपणहून परत देईल असं मला वाटतं. त्याचीही ती आजीच आहे.

आणि बाबांबरोबर सुरुवात पहिल्या पत्राने करा, बँक नको, चावी नको, बेबी नको. पाण्याचं भय वाटलं का ती ओळ. "ते त्यालाच विचारून लिहावे" असं आजोबांनी लिहिलंय आणि आजीने विचारलं का, काय लिहिलं, ते पत्र पोचलं का, काही कळायला मार्ग नाही. पण ज्याला विचारायचं होतं तो अजून आहे. चौऱ्याऐंशी वर्षं झाली. ओळ वाचा आणि विचारा बाबांना, बोटीत भीती वाटली होती का, आणि ते काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवून घ्या, वर तारीख घाला, आणि पहिल्या पत्राच्या पाकिटात ठेवून द्या.